परसातली होडी

आमच्या परसात पाच वर्षे एक होडी पालथी पडून होती. एका बाजूला तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचा दगड आणि मधोमध चौदा फूट लांबीची, एकेकाळी हिरवी असलेली फायबरची होडी. बेळगावच्या कॉलनीत होडी कशाला, हा प्रश्न दूधवाल्यापासून विम्याच्या एजंटापर्यंत सर्वांनी विचारून झाला होता. शेजारचे निवृत्त हेडमास्तर तर दर जूनला कुंपणावरून विचारत, "काय सर, यंदा पाऊस जास्त सांगितलाय काय?"

होडी सासरेबुवांची. आमच्या सौ. कानडी, गोकाक तालुक्यातल्या, घटप्रभेच्या काठच्या. आमचे लग्न २००६ साली झाले. दोन्ही घरांत थोडी कुरबूर होऊन मग जमलेले. सासरे मला 'अळियंद्र' म्हणतात आणि मी त्यांना 'मामा'. ते कानडीत बोलतात, मी मराठीत उत्तर देतो, आणि दोघांचेही काही अडत नाही. ज्या वाचकांच्या घरी असाच कारभार आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मामा पाटबंधारे खात्यात हिडकल धरणावर होते. तिथे एक जुनी फायबरची कनू निरुपयोगी म्हणून लिलावात निघाली, ती त्यांनी नव्वदच्या दशकात साडेचारशे रुपयांना घेतली. तेवढ्या पैशांत त्या वेळी घरात टेबलफॅन आला असता, असे सासूबाई शेवटपर्यंत ऐकवत असत. गावात तिचे नाव 'फायबर दोणी'. कनू हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला आणि स्पॅनिशांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या मूळ लोकांकडून उचलला. कोरलेल्या झाडाच्या खोडापासून निघालेला हा शब्द हुक्केरी-गोकाकच्या लिलावाच्या कागदावर येऊन बसला, याचे मला, भाषेचा मास्तर म्हणून, फार कौतुक. मामांना त्याचे काही नाही. त्यांच्या मते ती दोणी आहे, आणि दोणी पाण्यात असावी.

ती पाण्यात होती तोपर्यंत ठीक होते. ऑगस्ट २०१९च्या पहिल्या आठवड्यात घटप्रभेला जो पूर आला तो गोकाक भागातले लोक विसरणार नाहीत. वरून पाऊस, हिरण्यकेशी फुगलेली, धरणातून विसर्ग. मी आदल्या दिवशी फोनवर मामांना दोनदा विनवले की बेळगावला निघून या. त्यांनी "नोडोण री" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ओणी पाण्याखाली गेल्यावर त्यांनी होडी काढली. वय बहात्तर. पहिल्या फेरीत दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी, दुसऱ्या फेरीत एक बाळंतीण. तिसऱ्या फेरीला एकटेच परत येताना पाण्याखाली गेलेल्या गोठ्याच्या दगडी खांबावर होडी आदळली. तळाला हातभर चीर गेली, होडी उलटली, मामा पाण्यात. पण होडी बुडली नाही. तिच्या दोन्ही टोकांना बंद कप्पे असतात, त्यांतल्या हवेने ती पालथी का होईना तरंगत राहिली आणि मामा तिला धरून एका चिंचेच्या झाडाला जाऊन अडकले. गावातल्या पोरांनी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून जाऊन त्यांना काढले. आपल्या ऊसपट्ट्यात पुराच्या दिवसांत काहिलीची होडी होते, हे वाचकांना माहीत आहेच.

हे सगळे आम्हाला रात्री नऊला कळले. दुपारी तीनपासून सौ. फोन लावत होत्या आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर पुराच्या बातम्या बघत होतो. त्या सहा तासांचा हिशेब आमच्या घरात अजून चुकता झालेला नाही.

घराची मागची भिंत पडली होती. सासूबाई २०१४ सालीच गेलेल्या. मामांना बेळगावला आणायचे ठरले. ते म्हणाले, दोणी बरोबर येत असेल तर येतो. शेवटी टेम्पोत एक ट्रंक, दोन पातेली, विठोबाची तसबीर आणि वर आडवी होडी अशी वरात निघाली. सौ.नी उंबऱ्यावरच अट घातली : होडी येईल, पण तिला कुणी हात लावायचा नाही. पडून राहू दे.

आणि ती पडून राहिली. करोनाची दोन वर्षे गेली, मुलगी पाचवीतून दहावीत गेली. मामा रोज सकाळी चहाचा कप घेऊन परसात जात आणि होडीच्या पाठीवर कप ठेवून पीत. एवढेच.

२०२४च्या पावसाळ्यानंतर विषय निघाला तो डासांमुळे. चिरेत पाणी साचते, अळ्या होतात, अशी तक्रार आली. सौ. म्हणाल्या, भंगारवाल्याला देऊन टाका. मी बोलावले. त्याने होडीवर एक चापट मारली आणि म्हणाला, "सर, लोखंड असतं तर घेतलं असतं, प्लास्टिक असतं तरी घेतलं असतं. हे फायबर वितळत न्हाई. ह्येला कोण विचारत न्हाई. उलट तुम्हीच मला गाडीभाडं द्या, कुठंतरी टाकून येतो." मला तेव्हाच कळले की ही राळ एकदा कडक झाली की पुन्हा पातळ होत नाही. तिला दुसरा जन्म नाही. एक तर दुरुस्त करा, नाहीतर शे-दोनशे वर्षे कुठल्या तरी नाल्यात पडू द्या.

हा संवाद मामांनी खिडकीतून ऐकला. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरे नाही म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी होडी उलटी-सुलटी करून बघायला लागलो. सौ.नी पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. न बोलणे हे आमच्याकडे बोलण्यापेक्षा जड असते.

मला या कामातले काडीचे कळत नव्हते. पण बेळगावात राहण्याचा एक फायदा आहे : आपल्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, आणि फाउंड्री आली की पॅटर्न करणारे आले. लाकडाचे, धातूचे, फायबरचे साचे करणारी ही माणसे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे काका त्यात मुरलेले. बी.ए.ला नापास झालेला हा विद्यार्थीच मला त्यांच्याकडे घेऊन गेला, आणि तिथे तो शिक्षक होता व मी विद्यार्थी. काकांनी एक रुपयाचे नाणे हातात दिले आणि सांगितले, आधी होडी वाजवून या. खणखणीत आवाज आला तर पापुद्रे एकमेकांना धरून आहेत. बद्द आवाज आला तर आत सुटलेत. तिथे खडूने गोल करा.

मी आणि मामांनी दोन सकाळी होडी वाजवली. मामांचा कान माझ्यापेक्षा तिखट. चीर दीड फुटाची दिसत होती, पण तिच्या भोवती चांगले तीन वितीचे क्षेत्र बद्द वाजत होते. शिवाय नाळेजवळ एक आणि बैठकीखाली एक अशी दोन गोल निघाली.

त्यानंतर जुनी ठिगळे काढायची होती. तीस वर्षांत मामांनी होडीला हाताला येईल ते लावले होते : डांबरात बुडवलेले धोतराचे फडके, एम-सील, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एका ठिकाणी तर चक्क सिमेंट. प्रत्येक ठिगळ खरवडताना मामा त्याची हकीकत सांगत. हे मगरीमुळे (मगर नव्हती, ओंडका होता, असे सौ.नी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले). हे धाकट्या मेव्हण्याने दगडावर नेली तेव्हाचे. हे हिडकलच्या पाण्यात हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराच्या माथ्याला तळ घासला तेव्हाचे. ते देऊळ धरणात गेलेले आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. पाणी नीट उतरलेले नसताना मामा सासूबाईंना दर्शनाला घेऊन गेले होते. "देवर तलि मेल होगीदिवि," म्हणाले आणि खूप वेळ हसले. देवाच्या डोक्यावरून गेलो.

आता प्रत्यक्ष कामाचे थोडे सांगतो, कारण दोघातिघांनी विचारले आहे. फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि तिला धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन. भोक दिसले म्हणून वरून चटईचा तुकडा चिकटवला तर तो डोक्यावरच्या टोपीसारखा निघून येतो. त्यासाठी भोकाच्या कडा ग्राइंडरने लांबपर्यंत उतरत्या घासाव्या लागतात. जाडीच्या बारा पट, असे काकांचे माप. आमच्या होडीचा तळ चार मिलिमीटर, म्हणजे चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर उतार. भाकरीची कड थापताना जशी पातळ होत जाते तशी. या घासण्यात जी धूळ उडते ती काचेची असते. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात फुल बाह्यांचा शर्ट असूनही मी रात्रभर खाजवत बसलो. आंघोळ आधी थंड पाण्याने करायची असते, गरम पाण्याने नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. ते कपडे सौ.नी काठीने उचलून वेगळे भिजवले.

रेझिन कडक होण्यासाठी हार्डनर घालावा लागतो. शंभर ग्रॅमला दीड ते दोन ग्रॅम. रेझिनमध्ये कोबाल्टही लागतो, पण तो आमच्यासाठी काकांनीच आधी मिसळून दिला होता आणि बजावले होते की कोबाल्ट आणि हार्डनर यांची एकमेकांशी थेट गाठ कधी पडू द्यायची नाही, भडका उडतो. ते मी नीट लक्षात ठेवले. चूक भलतीच केली. डिसेंबरची सकाळ, आपल्याकडचा गारठा तुम्हाला ठाऊक आहेच. थंडीत लवकर वाळणार नाही म्हणून मी शहाणपणा करून हार्डनर तिप्पट घातला. ब्रश बुडवून पहिली चटई भिजवतो न भिजवतो तोच मग्यातली राळ जेलीसारखी घट्ट झाली, मग तापली, मग धुरायला लागली, आणि प्लास्टिकचा मगा खालून वितळून परसातल्या फरशीला चिकटला. तो अजून तिथेच आहे.

मामा खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "अवसर माडब्याडरी, अळियंद्र."

मराठीत अवसर म्हणजे संधी, कानडीत घाई. एक शब्द घाटाच्या दोन उतारांवर असा वेगळा वाहतो. वर्गात मी हे उदाहरण पुष्कळदा दिले आहे. पण धुरकट मगा हातात धरून ते समजणे निराळे.

दुसऱ्या वेळी दुपारच्या उन्हात काम केले, मोजून दोन ग्रॅम. आतल्या बाजूने पुठ्ठ्याला मेण लावून आधार दिला, बाहेरून एकावर एक पाच थर. ब्रश ओढायचा नाही, थोपटायचा. ओढला की तंतू गोळा होतात. थोपटला की आतली हवा बाहेर येते, पांढरी चटई हळूहळू पारदर्शक होते आणि खालचा थर दिसायला लागतो. हे बघण्यासारखे असते. वरचा थर हवेला चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून रात्रभर ठेवले. सकाळी मामांनी नाणे वाजवले. खणखणीत.

टोकांच्या कप्प्यांत मात्र फसलो. आतला जुना फोम पाणी पिऊन दगड झाला होता. म्हणूनच होडी इतकी जड लागत होती. तो काढून मी नवा थर्माकोल बसवला आणि वरून रेझिन ओतले. डोळ्यांदेखत थर्माकोल पाण्यात बत्तासा विरघळावा तसा बसत गेला आणि दोन मिनिटांत कप्पा रिकामा. हे रेझिन थर्माकोलला खाते, हे कुणीच सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. शेवटी मुलीने उपाय काढला : कार्यालयांतल्या लग्नाच्या पंगतींतून पाण्याच्या एक लिटरच्या साठ रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, बुचे घट्ट लावून कप्प्यांत रचल्या आणि वर प्लायवूडचे झाकण बसवून सांधे फायबरने बंद केले. प्रत्येक बाटली जवळजवळ किलोभर वजन तोलते, असे तिने वहीत गणित करून आपल्या आईला दाखवले. आईने गणित वाचले. वही परत दिली.

खरे तर भांडण त्याच रात्री झाले. मुलगी झोपल्यावर सौ. म्हणाल्या, "तुम्ही होडी नीट करणार, अप्पा गावाला जायचं काढणार, आणि एखाद्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं की ते परत कुणाला तरी आणायला जाणार. मग मी परत सहा तास फोन लावत बसू?" मी म्हणालो, ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. "बहात्तरला कुठं ऐकलं होतं?" यावर मला उत्तर नव्हते. आताही नाही. भोक बुजवणे चांगले काम आहे असे मी धरून चाललो होतो. पण त्या होडीला भोक होते तोवर या बाई रात्री निवांत झोपत होत्या, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी चार दिवस काम बंद ठेवले.

पाचव्या दिवशी मामा स्वतःच लेकीशी बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही. दार लोटलेले होते. बाहेर आल्यावर सौ.नी मला विचारले, "वल्हं कुठाय?"

वल्हे पुरात वाहून गेले होते. मी म्हणालो, सुताराकडून करून घेऊ. त्या माळ्यावर चढल्या आणि एक फळकूट खाली काढले. हे फळकूट मला अठरा वर्षे ओळखीचे होते. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या की त्या हलवायला ते निघे, एरवी माळ्यावर. मी त्याला मिरच्यांची फळी म्हणत असे.

"हे हुट्टु आहे," सौ. म्हणाल्या. "अप्पांनी केलं होतं, मी चौथीत होते तेव्हा."

कानडीत हुट्टु म्हणजे वल्हे आणि हुट्टु म्हणजे जन्मही. त्या दिवशी मी हे कुणाला बोलून दाखवले नाही. माझ्या बायकोला होडी चालवता येते, हे लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर मला कळत होते, तेव्हा भाषाशास्त्र राहू दे म्हटले.

मग अटी ठरल्या. तरंगणारी दोन जाकिटे हवीत. ती गोव्याहून मागवली. जून ते ऑक्टोबर होडी बेळगावातच, साखळी आणि कुलूप घालून, किल्ली सौ.कडे. आणि मामा एकटे बसणार नाहीत. "मग कोण बसणार?" मी विचारले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी रंगाचा विषय काढला.

रंग पुन्हा हिरवाच दिला. काठाच्या कुजलेल्या पट्ट्या काढून सागाच्या बसवल्या, पितळी स्क्रूने. उन्हाने पांढरी पडलेली पाठ गाडीच्या रबिंग कंपाउंडने घासून काढली. मुलीच्या मैत्रिणी दोन रविवार त्यासाठी येत होत्या आणि दोन्ही रविवारी त्यांना मिसळ खिलवावी लागली. एकूण खर्च साडेसात हजारांच्या आसपास गेला. लिलावाच्या किमतीशी तुलना करू नका, असे मी मामांना सांगून पाहिले.

२०२५च्या महाशिवरात्रीआधीच्या रविवारी टेम्पो करून आम्ही गावी गेलो. फेब्रुवारीत घटप्रभा शांत असते. गावाखाली बंधाऱ्याच्या फळ्या घातलेल्या, पाणी तळ्यासारखे उभे. चिंचेचे झाड अजून आहे. होडी उतरवायला काहिलीवाली पोरे आली, ती आता बापे झालेली. एकाने ठिगळावर मूठ मारून बघितली आणि "सर माड्यारेनु?" असे माझ्याकडे न बघता विचारले.

होडीत दोघेच बसतात. पुढे सौ., साडीवर नारिंगी जाकीट, हातात मिरच्यांची फळी; मागे मामा, नवे वल्हे घेऊन. होडीला दोरी बांधून दुसरे टोक मी काठावर धरून उभा. मला जाकीट नव्हते. तिसऱ्याचा विचारच झाला नव्हता. सौ.नी पहिले वल्हे मारले आणि होडी सरळ गेली. पोरांमध्ये कुणीतरी शीळ घातली. दहा-बारा हात गेल्यावर मामांनी वल्हे आडवे ठेवले, वाकले, आणि तळहात ठिगळावर आतून दाबून धरला. बराच वेळ धरला. मी काठावरून विचारणार होतो, पण मुलीने मला गप्प केले.

"नीरिल्ल," मामा ओरडले.

मग ते दोघे चिंचेपर्यंत गेले आणि वळून आले. पुन्हा गेले. दोरी पुरेना तेव्हा सौ.नी ती सोडून घेतली.

परतल्यावर मी होडी पुसली तर तळाशी वाटीभर पाणी निघाले. वल्ह्यावरून ठिबकले असणार, असे सौ.चे म्हणणे. मामांचे म्हणणे, नाळेजवळचा सांधा एकदा बघून घ्यावा, अळियंद्र घाई करतात. टेम्पोत मागे बसून बापलेकींचा हा वाद कानडीत सुरू झाला, तो अंकलगी आली तरी चालू होता.